परदेशचा बाजार आणि मजुराचा हक्क

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा विषय निघाला म्हणजे आपल्या शेतकरी बंधूंची अशी समजूत असते कीं, तो बंदरावरील व्यापाऱ्यांचा, दिल्लींतील मंत्र्यांचा आणि जिनीव्हांतील परिषदांचा विषय आहे. बांधींत चिखल तुडविणाऱ्या माणसाचा त्याच्याशीं संबंध काय? त्यांत मानवी हक्कांचें नांव निघालें कीं ही समजूत अधिकच दृढ होते. हक्क हा वकिलांचा शब्द आणि व्यापार हा सावकारांचा, असें मानून आपण दोहोंकडेही पाठ फिरवितों. आमच्या मतें ही समजूत चुकीची तर आहेच, परंतु भंडारा जिल्ह्याच्या शेतकऱ्यास ती महागही पडत आली आहे.

वरठीचें रेल्वेस्थानक 'भंडारा रोड' या नांवानें ओळखिलें जातें. मुंबईहून हावड्यास जाणाऱ्या मोठ्या मार्गावर तें आहे, आणि या मार्गाच्या आधारानें आपल्या जिल्ह्याचा माल पिढ्यान्‌पिढ्या दूरदेशीं जात आला आहे. तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींचें मँगनीज, रानांतील तेंदूचें पान, त्या पानांत वळलेली विडी आणि आपल्या बांधींतील धान, या चार जिनसांपैकीं एकाचीही किंमत केवळ आपल्या गांवांत ठरत नाहीं. जेथें किंमत ठरते तेथें आतां एक नवा प्रश्न विचारला जाऊं लागला आहे. माल कसा आहे, एवढेंच न विचारतां, तो कोणीं केला व कोणत्या स्थितींत केला, असेंही गिऱ्हाईक विचारूं लागला आहे. हा माल ज्या हातांनीं केला ते हात मोकळे नव्हते, म्हणून आम्ही तो घेणार नाहीं, असें जर त्यानें म्हटलें, तर तें न्याय्य समजावें कीं ढोंग समजावें? आणि न्याय्य समजल्यास आपल्या पदरीं कोणतें कर्तव्य येतें? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. विडीच्या बाबतींत तो प्रत्यक्ष विचारला गेला आहे.

नोव्हेंबर १९९९ मध्यें अमेरिकेच्या जकात खात्यानें कर्नाटकांतील एका मोठ्या कारखान्याच्या विड्या आपल्या बंदरांत उतरूं देऊं नयेत असा हुकूम काढिला. त्या विड्या वेठीस धरलेल्या लहान मुलांकडून वळून घेतल्या जातात, असें त्याचें कारण देण्यांत आलें होतें. हुकमास आधार होता तो अमेरिकेच्या १९३० सालच्या जकात कायद्यांतील ३०७ व्या कलमाचा. कैद्यांनीं, वेठबिगारांनीं किंवा करारानें जखडलेल्या मजुरांनीं केलेला परदेशी माल देशांत येऊं देऊं नये, असें हें कलम सांगतें. वाचतांना तें फार उदात्त वाटतें. परंतु त्यास प्रारंभापासूनच एक पुस्ती जोडलेली होती. कैद्यांच्या मालाची गोष्ट वेगळी. पण वेठीनें केलेला इतर माल जर अमेरिकेंत तेथील गरजेपुरता तयार होत नसेल, तर त्यास ही बंदी लागू नव्हती. याचा अर्थ उघड आहे. जेथें तेथील कारखानदारास स्पर्धा होती तेथें परदेशी मजुराची कींव येत असे. जेथें स्पर्धा नव्हती तेथें ती येत नसे. मुलांच्या वेठीसंबंधीं तेथील विधिमंडळानें १९९७ सालीं अधिक कडक धोरण आंखिलें, आणि त्याच्या पाठोपाठ विडीवरील हुकूम निघाला. मूळची पुस्ती मात्र २०१६ सालापर्यंत, म्हणजे तब्बल शहाऐंशी वर्षें, कायद्यांत तशीच राहिली.

त्याच नोव्हेंबर महिन्याच्या ३० तारखेस सिॲटल येथें जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली. व्यापाराच्या नियमांत मजुरांच्या हक्कांचा समावेश करावा व ते मोडणाऱ्या देशांस व्यापारी शिक्षा व्हावी, असा विचार अमेरिकेच्या अध्यक्षांनीं त्या वेळीं बोलून दाखविला. भारतासह अनेक गरीब देशांनीं त्यास कसून विरोध केला. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, १९९६ सालीं सिंगापूरच्या परिषदेंत हा विषय आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा आहे असें ठरलें आहे, आणि स्वस्त मजुरी हा गरीब देशांचा जो एकच आधार, तो काढून घेण्याची ही युक्ति आहे. परिषद निष्फळ झाली. त्या संघटनेच्या नियमांत मजुराचा उल्लेख शोधूं गेल्यास, १९४७ सालच्या करारांतून चालत आलेल्या विसाव्या कलमांत, कैद्यांनीं केलेल्या मालासंबंधींची एक ओळ तेवढी सांपडते.

तेव्हां श्रीमंत देशांच्या या कळवळ्यांत स्वार्थाचा अंश आहे, हें आम्ही मोकळेपणानें म्हणतों. परंतु येथेंच थांबणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. सांगणाराचा हेतु शुद्ध नाहीं, एवढ्यावरून सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाहीं. आपल्याच घरांतील स्थिति पाहावी आणि मग उत्तर द्यावें, हें उचित होय.

विडीचा धंदा आपल्या जिल्ह्यांतील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पान भिजवावें, साच्यावर धरून कातरीनें कापावें, त्यांत तंबाखू भरून वळावें, तोंड मुडपावें व सुतानें बांधावें; मजुरी हजार विड्यांमागें. कारखानदार व मजूर यांच्यामध्यें सट्टेदार असतो. तो पान व तंबाखू तोलून देतो आणि विड्या मोजून घेतो. पान फाटकें निघालें तर तूट मजुराच्या माथीं; विडी पसंत न पडली तर ती छाट म्हणून बाजूस काढावयाची व तिची मजुरी द्यावयाची नाहीं. हजाराचा आंकडा पुरा करण्यासाठीं आई वळते, लेक बांधते, आजी पान कापते, आणि वहींत नांव मात्र एकीचेंच असतें. आजारासाठीं किंवा लग्नासाठीं उचल घेतली कीं ती फिटेपर्यंत दुसऱ्या दारीं जातां येत नाहीं. यास गांवांत कोणी वेठ म्हणत नाहीं, कारण बांधलेला दोर डोळ्यांस दिसत नाहीं.

कायदे नव्हते असें नाहीं. वेठ आणि मुलांची कारखान्यांतील मजुरी राज्यघटनेच्या २३ व २४ या कलमांनीं निषिद्ध ठरलेली आहे. विडी व सिगार कामगारांसाठीं १९६६ सालीं स्वतंत्र कायदा झाला. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा. मुलांच्या मजुरीचा कायदा १९८६ चा. परंतु या शेवटच्या कायद्यानें विडी वळणें मुलांस वर्ज्य ठरवून लगेच असें म्हटलें कीं, कुटुंबांतील माणसें मिळून घरीं जें काम करितात त्यास हें लागू नाहीं. विडीचें काम जेथें प्रत्यक्ष चालत होतें तेंच घर कायद्यानें मोकळें सोडिलें! चौदा वर्षांखालील मुलांस सर्वच धंदे वर्ज्य करण्यास २०१६ साल उजाडावें लागलें; त्यांतही, शाळा सुटल्यावर घरच्या कामांत मदत करण्याची वाट ठेवण्यांत आलीच. मुलांच्या मजुरीसंबंधींचे दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय करार भारतानें १३ जून २०१७ रोजीं मान्य केले. आणि त्याच वर्षीं १ जुलैपासून वस्तु व सेवा कर सुरू होतांना, विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठीं, घरांसाठीं व मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं १९७६ च्या कायद्यान्वयें विडीवर जो खास उपकर घेतला जात असे तो बंद झाला. एका हातानें हक्क मान्य करावयाचा आणि दुसऱ्या हातानें त्याचा पैसा काढून घ्यावयाचा, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याच्या हिशेबांत बसणार नाहीं.

आतां आमचे कांहीं वाचक म्हणतील कीं, हा सट्टेदाराचा व कारखानदाराचा दोष आहे. शेतकऱ्याचा यांत काय अपराध? त्यांच्यासाठीं एक जुनी हकीकत सांगणें अवश्य आहे. कारण ती ज्या प्रांतांत घडली त्या प्रांतांतच त्या काळीं आपला भंडारा जिल्हा होता.

सन १९४८ मध्यें मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळानें विडी-निर्मितीच्या नियमनाचा एक कायदा केला. त्याचा हेतु शेतीच्या हंगामांत मजुरांचा पुरेसा पुरवठा व्हावा हा होता. ज्या गांवांत विडीचें काम चालतें तेथें डेप्युटी कमिशनरानें शेतीचा हंगाम ठरवून द्यावा, आणि त्या मुदतींत त्या गांवच्या कोणाही रहिवाशानें विडी वळूं नये व कारखानदारानें त्यास काम देऊं नये, अशी त्याची तजवीज होती. सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरानें या कायद्यान्वयें १९५० च्या जूनमध्यें हुकूम काढून कांहीं गांवांत शेतीच्या हंगामापुरतें विडीचें काम बंद केलें. त्याविरुद्ध एक विडी कारखानदार आणि एक मजूर असे दोघे सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. न्यायालयानें ८ नोव्हेंबर १९५० रोजीं निकाल देऊन तो कायदा रद्द ठरविला. न्यायमूर्ति महाजन यांनीं निकालांत दाखवून दिलें कीं, ज्यांच्यानें शेतांत काम होणारच नाहीं अशीं अपंग माणसें, म्हाताऱ्या स्त्रिया व मुलें यांचाही धंदा या कायद्यानें बंद पडतो. शेतीस मजूर मिळावेत या हेतूच्या मर्यादेबाहेर तो फार दूर जातो. आणि म्हणून वाटेल तो धंदा करण्याच्या नागरिकाच्या स्वातंत्र्यावर तें अवाजवी बंधन होतें.

या हकीकतीचा विचार शांतपणें करावा. ज्या १९४८ सालीं पॅरिस येथें १० डिसेंबरास मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर होऊन, त्याच्या २३ व्या कलमांत प्रत्येक माणसास आपलें काम स्वतः निवडण्याचा व न्याय्य वेतनाचा हक्क आहे असें घोषित झालें, त्याच सालीं आपल्या प्रांतांत रोवणीस व कापणीस मजूर कमी पडतात म्हणून म्हातारीच्या हातांतील सूप काढून घेण्याचा कायदा झाला. सागरचे शेतकरी कांहीं दुष्ट नव्हते. पाऊस पडला, पऱ्हे तयार झाले आणि हात मिळाले नाहींत तर वर्ष बुडतें, ही त्यांची अडचण खरी होती, आणि ती आज आपलीही आहे. परंतु मजूर शेतावर कां येत नव्हते? विडींत बसून मिळणारे चार पैसे शेतांतील मजुरीपेक्षां बरे होते, म्हणून. यावर उपाय मजुरी वाढविणें हा होता. सरकारचा हात धरून दुसरें दार बंद करणें हा नव्हता. दुसरें दार बंद करून जो मजूर मिळतो तो मोकळा मजूर नव्हे.

हें तत्त्व दुसऱ्याच्या बाबतींत ज्यास पटत नाहीं, त्यास तें स्वतःच्या बाबतींत लौकर पटतें. २० जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. कणीची निर्यात तर ९ सप्टेंबर २०२२ पासूनच बंद होती. देशांतील भाव चढूं नयेत व गरिबांस धान्य मिळावें, हें त्याचें कारण. ही बंदी २८ सप्टेंबर २०२४ पर्यंत चालली. त्यानंतरही टनास ४९० डॉलर या किमान भावाची अट राहिली, ती ऑक्टोबरांत निघाली. १४ महिन्यांहून अधिक काळ शेतकऱ्याच्या मालास बाहेरचें दार बंद होतें. तेव्हां आपण सर्वांनीं काय म्हटलें? आमचा माल आम्हांस वाटेल तेथें विकण्याचा हक्क सरकार हिरावून घेत आहे, असेंच ना? १९५० सालीं सागरच्या विडी मजुरानें न्यायालयांत नेमकें हेंच म्हटलें होतें. फरक एवढाच कीं त्याच्या हातांत धान नव्हतें, केवळ दोन हात होते.

निर्यातबंदीसंबंधीं आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. भुकेल्यास अन्न मिळण्याचा हक्क हा शेतकऱ्याच्या नफ्यापेक्षां मोठा आहे. १९४८ च्या जाहीरनाम्याचें २५ वें कलम आणि १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचें ११ वें कलम अन्नाचा हक्क मान्य करितात. भारतानें हा करार १९७९ सालीं स्वीकारला, आणि २०१३ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा करून देशांतील दोनतृतीयांश लोकांस तो हक्क दिला. याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु सार्वजनिक हिताचा खर्च सार्वजनिक तिजोरींतून व्हावा, हा न्याय आहे. शहरांतील व खेड्यांतील गरिबास स्वस्त तांदूळ देण्यासाठीं सरकारनें बाजार बंद केला, तर धान पिकविणाराचें जें नुकसान होतें तें सरकारनें भरून द्यावें. तें न करितां एका गरिबाचा हक्क दुसऱ्या गरिबाच्या खिशांतून पुरविणें हा धर्म नव्हे. शिवाय जगांत देशोदेशीं जितका तांदूळ विकला जातो त्याचा सुमारें ४० टक्के भाग भारताचा असतो. आपलें दार बंद झालें म्हणजे आफ्रिकेंतील जीं कुटुंबें विकतच्या तांदळावर जगतात त्यांच्याही ताटांतील घास महाग होतो. भूक आपल्या सरहद्दीशीं संपत नाहीं. म्हणून असा निर्णय अगोदर सूचना देऊन, मुदत ठरवून व शेजाऱ्यांची गरज लक्षांत घेऊन व्हावा.

श्रीमंत देशांसही येथें एक गोष्ट विचारली पाहिजे. तुम्ही आमच्या मजुराच्या हक्काची चौकशी करितां, तें ठीक. परंतु त्या मजुरास वेतन देणाऱ्या शेतकऱ्याचें काय? १९९५ पासून लागू झालेल्या शेतीविषयक करारांत आमच्या आधारभूत भावांचें माप अजून १९८६ ते १९८८ च्या किमतींवरून घेतलें जातें. जणूं त्यानंतर खत, डिझेल व मजुरी वाढलींच नाहींत! २०१३ सालीं बाली येथें यावर तात्पुरती सवलत मिळाली, आणि धानाच्या बाबतींत २०१८-१९ च्या वर्षासाठीं भारतास तिचा आधार घ्यावा लागला. कायमचा तोडगा निघाला नाहीं. स्वतःच्या शेतकऱ्यांस भरघोस मदत देणाऱ्या देशांनीं आमच्या हमीभावास बोट लावावें आणि त्याच तोंडानें आमच्या मजुरीची चौकशी करावी, हें विसंगत आहे.

तथापि नुसत्या बंदीनें मजुराचें कल्याण होतें काय, हाही प्रश्न उरतोच. शेजारच्या बांगला देशांतील उदाहरण बोलकें आहे. १९९२ सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहांत मुलांनीं केलेला माल बंद करण्याचें विधेयक आलें. तें मंजूर होण्याची वाटही न पाहतां बांगला देशांतील कपड्यांच्या कारखानदारांनीं १९९३ सालीं हजारों मुलांस कामावरून काढून टाकिलें. हा आंकडा सुमारें ५० हजार असावा असा अंदाज आहे. त्यांतील कित्येक मुलें शाळेंत न जातां दगड फोडूं लागलीं, रस्त्यावर माल विकूं लागलीं, किंवा त्याहूनही वाईट वाटेस लागलीं. शहाणपण मागाहून सुचलें. १९९५ सालीं कारखानदारांचा संघ, श्रमसंघटना व युनिसेफ यांच्यांत करार होऊन, आधीं शाळा व विद्यावेतन आणि मग कामावरून सुटका, असा क्रम ठरला. पुढें २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक मजूर मेले, तेव्हां युरोपांतील मोठ्या व्यापाऱ्यांस कारखान्यांच्या तपासणीचा बंधनकारक करार करावा लागला. यावरून एवढें सिद्ध होतें कीं, बंदीची धमकी दार ठोठावण्यापुरती उपयोगी पडते. घरांत दिवा लावण्याचें काम तिच्यानें होत नाहीं. तें काम शाळा, योग्य मजुरी आणि माल घेणारानें त्यासाठीं मोजलेला पैसा यांनींच होतें.

हक्क मिळाला म्हणजे व्यापार बुडतो, असें जें भय दाखविलें जातें, त्यास उत्तर आपल्या शेजारींच आहे. तेंदूच्या पानाचा व्यापार १९६९ च्या कायद्यानें राज्य सरकारच्या ताब्यांत होता. पान तोडणारा हा केवळ मजूर. मे महिन्याच्या उन्हांत रान तुडवून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधावेत व मिळेल ती मजुरी घ्यावी. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावरील मालकी गांवास मिळाली, आणि २०१३ पासून गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांतील कांहीं ग्रामसभांनीं पानांची विक्री स्वतः करण्यास प्रारंभ केला. पान तेंच, रान तेंच, व्यापारीही पुष्कळसे तेच. परंतु सौदा करणारा बदलला. ग्रामसभांचे सारेच सौदे उत्तम झाले असें नव्हे, तरी जो केवळ मजुरी मागत होता तो आतां मालक म्हणून भाव मागूं लागला. व्यापार बुडाला नाहीं.

सर्वांत मोठा आक्षेप आमच्या वाचकांचा असेल, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. "जेथें आम्हांसच भाव नाहीं, तेथें मजुरास वाढीव मजुरी कोठून द्यावी?" हा आक्षेप खोटा नाहीं. दोन एकरांचा धनी व त्याचा मजूर यांच्या घरच्या ताटांत फारसा फरक नसतो, हें आम्ही जाणतों. परंतु आधारभूत भाव कसा ठरतो, याचा थोडा विचार करावा. केंद्राचें कृषि खर्च व मूल्य आयोग पिकाचा जो खर्च धरितें, त्यांत बाहेरच्या मजुरास दिलेली मजुरी येते, आणि घरच्या माणसांच्या श्रमाची किंमतही मजुरीच्या दरावरूनच लाविली जाते. त्या खर्चाच्या दीडपट भाव देण्याचें सरकारचें २०१८ पासूनचें धोरण आहे. तेव्हां मजुराची मजुरी जितकी दाबावी तितकी आपल्या स्वतःच्या पत्नीच्या, मुलाच्या व आपल्या घामाची किंमत आपणच दाबतों. रोवणी करणारी स्त्री व घरची गृहिणी एकाच चिखलांत वाकलेल्या असतात. सरकारच्या वहींत दोघींचे दर एकाच खुंटीस टांगलेले आहेत. जो शेतकरी कमी मजुरी देतो व तीही लिहून ठेवीत नाहीं, तो स्वस्त धानाचा पुरावा आपल्याच हातानें दिल्लीस धाडतो.

काळाची पावलेंही ओळखिलीं पाहिजेत. युरोपीय संघानें वेठीनें केलेल्या मालावर बंदी घालणारा नियम २०२४ सालीं केला असून, तो १४ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे. ब्रिटनशीं २४ जुलै २०२५ रोजीं ज्या व्यापारी करारावर सह्या झाल्या त्यांत श्रमविषयक स्वतंत्र प्रकरण आहे. सिंगापूर व सिॲटल येथें ज्यास आपला देश नकार देत होता, तें त्यानें आतां आपण होऊन स्वीकारिलें आहे. देशांतही चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आल्या, आणि १९४८ चा किमान वेतनाचा कायदा, १९६६ चा विडी कामगारांचा कायदा व १९७६ चा स्त्री-पुरुषांच्या समान वेतनाचा कायदा त्यांत विलीन झाले. आज विडीस विचारलेला प्रश्न उद्यां तांदळाच्या पोत्यास विचारला जाणार, हें निश्चित समजावें. तेव्हां उत्तर शोधीत धांवण्यापेक्षां तें आजच तयार ठेवणें शहाणपणाचें होय.

यासाठीं आम्ही आपल्या संघाच्या सभासदांपुढें तीन गोष्टी ठेवितों. पहिली, ज्याची त्यानें आपल्या बांधावर करावयाची. किमान वेतनाच्या खालीं कोणासही राबवूं नये. एकाच कामास स्त्रीस व पुरुषास एकच मजुरी द्यावी. रोवणी उक्ती दिली असली तरी ठेकेदार बायांस काय देतो हें स्वतः विचारावें. आणि शाळेच्या दिवशीं चौदा वर्षांखालील मूल, मजुराचें असो कीं आपलें, बांधींत उतरवूं नये. उचल दिल्यास ती कागदावर लिहावी, आणि ती फिटली नाहीं म्हणून कोणाचा पाय अडकवूं नये.

दुसरी, संघानें करावयाची. हंगामापूर्वीं गांवोगांव सभा घेऊन, शेतकरी व मजूर यांनीं एकत्र बसून रोवणी-कापणीचे दर ठरवावेत. हा मार्ग १९४८ च्या कायद्याहून सोपा व सन्मानाचा आहे. ज्या घरांत विडी वळली जाते तेथील स्त्रियांस ओळखपत्र व भविष्यनिधि मिळाला आहे कीं नाहीं, याची विचारपूस संघाच्या कार्यकर्त्यांनीं करावी. तंबाखूचे रोग सर्वांस ठाऊक आहेत, आणि हा धंदा पुढें वाढेल असा भरवसा कोणीं धरूं नये. तो आटण्यापूर्वीं त्या हातांस दुसरें काम मिळवून देण्यांत शेतकऱ्याचेंही हित आहे. कारण त्या स्त्रियांपैकीं पुष्कळजणी आषाढांत आपल्याच बांधींत येतात.

तिसरी, सरकारकडे मागावयाची. निर्यात बंद करावयाची तर पेरणीपूर्वीं सांगावी व तिची मुदत ठरवावी. बंदीमुळें जो भाव पडेल त्याची भरपाई व्हावी. व्यापारी करारांत मजुराचें प्रकरण घालितांना शेतकऱ्याच्या भावाचेंही घालावें. आणि विडी कामगारांच्या कल्याणासाठीं बंद पडलेल्या उपकराइतका पैसा अर्थसंकल्पांतून दरवर्षीं निश्चितपणें मिळावा.

कोणी म्हणेल, एका लहानशा गांवच्या शेतकऱ्यांनीं एवढ्या मोठ्या गोष्टी बोलून काय होणार? त्यास आम्ही सागरच्या त्या मजुराकडे बोट दाखवूं. त्याच्याजवळ जमीन नव्हती, संघ नव्हता, मासिक नव्हतें. तरी त्यानें आपल्या हाताच्या स्वातंत्र्यासाठीं देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाचें दार ठोठाविलें आणि तें उघडलें. आपणांजवळ हें सर्व आहे. परदेशचा गिऱ्हाईक विचारील म्हणून नव्हे, तर आपणही बाजारांत हक्कच मागत आहों म्हणून, मजुराचा हक्क आपण आधीं आपल्या बांधावर मान्य करावा. जो दुसऱ्याचें माप पुरें देतो त्यालाच स्वतःचें माप पुरें मागतां येतें.